डेसिबलच्या नावातला माणूस

गणेशोत्सव जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पानांवर एक शब्द हटकून दिसू लागतो. मंडपातल्या ध्वनिक्षेपकांवरून, मिरवणुकीतल्या भिंतींएवढ्या स्पीकरवरून, पोलिसांच्या हातातल्या छोट्या यंत्रावरून वाद झडतात आणि प्रत्येक वादात तो शब्द असतोच. तो शब्द म्हणजे डेसिबल. २००० साली झालेल्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हाच शब्द ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या खोलीतही भेटतो. गायक मायक्रोफोनसमोर बसतो, काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक त्याला एकदा गाऊन दाखवायला सांगतो आणि समोरच्या मापकावर नजर ठेवून बटण किंचित फिरवतो. त्या मापकावरचे आकडेही डेसिबलचेच. आजकाल तर आजोबांच्या आठवणी मोबाइलवर टिपून ठेवणाऱ्या नातवासमोरही तेच हिरवे, पिवळे, तांबडे पट्टे नाचत असतात.

या शब्दाचे शेवटचे अक्षर-द्वय हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. तो माणूस म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचा जनक म्हणून आपण त्याला पाठ्यपुस्तकात भेटलेलो असतो आणि तिथेच सोडून दिलेले असते. पण बेल यांचे आयुष्य टेलिफोनच्या आधी सुरू होते आणि टेलिफोननंतरही बरेच उरते. आवाज किती असावा, तो पोहोचावा कसा आणि ज्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही त्यांचे काय, या तीन प्रश्नांनी ते आयुष्य व्यापलेले आहे.

आईच्या कपाळाशी

स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात ३ मार्च १८४७ रोजी अलेक्झांडर बेल जन्मला. आजोबांचे नाव अलेक्झांडर, वडिलांचे अलेक्झांडर मेलव्हिल, आणि मुलाचेही अलेक्झांडर. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात तसाच हा प्रकार. या नामसाधर्म्याला कंटाळून मुलाने स्वतःसाठी एक मधले नाव मागितले आणि अकराव्या वाढदिवसाला त्याला ते मिळाले. घरी येणाऱ्या एका स्नेह्याच्या नावावरून त्याने ग्रॅहॅम हे नाव निवडले. घरच्यांसाठी मात्र तो अखेरपर्यंत अ‍ॅलेकच राहिला.

घराण्याचा व्यवसायच वाणीचा होता. आजोबा उच्चारांचे शिक्षक, वडीलही त्याच विद्येतले मोठे नाव. वडिलांनी दृश्य वाणी नावाची एक लिपी तयार केली होती. जीभ, ओठ, घसा यांची स्थिती दाखवणाऱ्या खुणांनी कोणत्याही भाषेतला कोणताही ध्वनी कागदावर मांडता यावा, अशी तिची रचना होती. वडील मुलांना खोलीबाहेर पाठवत, प्रेक्षकांना हवे ते विचित्र आवाज काढायला सांगत, ते खुणांनी लिहून ठेवत आणि मग मुले आत येऊन केवळ त्या खुणा वाचून नेमका तोच आवाज काढून दाखवत.

अशा या घरात आई एलायझा यांना ऐकू येत नव्हते. त्यांची श्रवणशक्ती हळूहळू गेली होती. तरीही त्या पियानो वाजवत आणि अ‍ॅलेकला पहिले संगीत त्यांनीच शिकवले. इतर माणसे त्यांच्याशी बोलताना कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने ओरडत. अ‍ॅलेकने दुसरी युक्ती काढली. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, खर्जातल्या आवाजात सावकाश बोले. आवाजाची कंपने कपाळाच्या हाडातून जाणवतात, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ओरडण्यापेक्षा योग्य अंतरावरून योग्य पट्टीत बोललेले अधिक कळते, ही गोष्ट त्या मुलाने फार लवकर हेरली होती.

थोरला भाऊ मेलव्हिल आणि अ‍ॅलेक यांनी वडिलांच्या प्रोत्साहनाने एक बोलणारे यंत्रही बनवले. कृत्रिम टाळू, जीभ, ओठ, खाली हवा फुंकणारा भाता. भाता दाबला आणि ओठ हलवले की यंत्रातून तान्ह्या बाळाने आईला हाक मारल्यासारखा आवाज निघे. घरातल्या कुत्र्याच्या जबड्याला हात लावून त्याच्या गुरगुरण्यातून शब्द काढण्याचा खटाटोपही अ‍ॅलेकने केला. पोरखेळ म्हणावेत असेच हे उद्योग होते, पण आवाज हा हवेच्या हालचालीतून घडतो आणि म्हणून तो घडवताही येतो, ही खूणगाठ त्यातूनच बांधली गेली.

समुद्रापलीकडे

मग घरावर आघात झाले. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये क्षयाने गेला. १८७० मध्ये थोरला मेलव्हिलही त्याच रोगाने गेला. तीन मुलांतला एक उरला आणि त्याचीही प्रकृती ढासळू लागली. आईवडिलांनी मागचा पुढचा विचार न करता लंडनचे चांगले चाललेले बिऱ्हाड मोडले आणि त्याच वर्षी ते कॅनडात ब्रँटफर्डजवळ राहायला गेले. तिथल्या मोकळ्या हवेत अ‍ॅलेक सावरला.

१८७१ मध्ये तो अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. वडिलांची दृश्य वाणी आता त्याच्या हाती आली होती. जे कधी ऐकले नाही ते कसे बोलायचे, हे तो मुलांना खुणांच्या साहाय्याने दाखवी. १८७३ मध्ये बॉस्टन विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांत मेबल हबर्ड नावाची एक मुलगी होती. पाचव्या वर्षी आलेल्या स्कार्लेट तापाने तिचे ऐकणे कायमचे गेले होते. ओठांच्या हालचालींवरून ती समोरच्याचे बोलणे समजून घेई. तीच पुढे बेल यांची पत्नी झाली. ज्याने साऱ्या जगाच्या कानाला टेलिफोन लावला, त्याच्या आईला आणि पत्नीला तो कधीच ऐकता आला नाही.

काचेवरची रेघ

१८७४ च्या उन्हाळ्यात बेल यांनी ब्रँटफर्डच्या घरी एक विलक्षण प्रयोग केला. बोललेला आवाज डोळ्यांना दिसला तर कर्णबधिर मुलांना आपला उच्चार बरोबर आहे की नाही ते पाहता येईल, हा त्यामागचा हेतू. बॉस्टनमधले कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना मृत माणसाचा खरा कान मिळवून दिला. त्या कानातल्या नाजूक हाडाला बेल यांनी गवताची एक बारीक काडी चिकटवली आणि तिचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले. कानात बोलले की कर्णपटल थरथरे, हाडे हलत, काडी हले आणि सरकणाऱ्या काचेवर नागमोडी रेघ उमटे. हळू बोलले तर ठेंगणी, मोठ्याने बोलले तर उंच.

आज संगणकाच्या पडद्यावर ध्वनिमुद्रण उघडले की जी डोंगरदऱ्यांसारखी आकृती दिसते, ती याच रेघेची पणती म्हणायची. बेल यांना त्या दिवशी एक गोष्ट चकित करून गेली. कागदाहून पातळ असा पडदा त्या मानाने जड हाडे हलवू शकतो. मग एखादा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवू शकणार नाही? आणि लोखंड चुंबकापुढे हलले तर तारेतली वीजही तशीच का हलणार नाही?

त्या काळचे तारायंत्र केवळ दोनच गोष्टी जाणत होते, वीज चालू किंवा वीज बंद. कडकट्ट अशा ठोक्यांनी संदेश जाई. आवाजाचे चढउतार त्यात मावणे शक्य नव्हते. हवा जशी हलेल तशीच वीज हलली पाहिजे, कमी आवाजाला कमी आणि जास्त आवाजाला जास्त, ही कल्पना बेल यांच्या मनात पक्की झाली. वीजशास्त्राचे आपले ज्ञान तोकडे आहे, अशी कबुली त्यांनी ज्येष्ठ शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांच्यापाशी दिली, तेव्हा हेन्री यांनी ते ज्ञान मिळवा, एवढाच सल्ला दिला.

२ जून १८७५ रोजी तरुण कारागीर टॉमस वॉटसन याच्या हातून यंत्राची एक अडकलेली पट्टी छेडली गेली आणि दुसऱ्या खोलीत बेल यांच्या कानाला तिचा टणत्कार ऐकू आला. ठोका नव्हे, नाद. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेल यांच्या वतीने पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी इलायशा ग्रे यांनीही अशाच यंत्राची प्राथमिक नोंद केली आणि कोण आधी, कोणी कोणाचे पाहिले, हा वाद जन्मला. तो इतिहासकारांत आजही पुरता मिटलेला नाही. ७ मार्चला पेटंट बेल यांच्या नावे झाले. १० मार्चला, आम्ल मिसळलेल्या पाण्यात बुडवलेल्या तारेच्या साहाय्याने, बेल यांनी वॉटसनला मारलेली हाक त्याला पलीकडच्या खोलीत शब्दन् शब्द कळली. या पाण्याच्या यंत्रासारखीच कल्पना ग्रे यांच्या नोंदीतही होती, म्हणून तर वाद अधिकच पेटला. पुढे शेकडो खटले झाले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल यांच्या बाजूने निकाल दिला.

ओरडावे लागणारा टेलिफोन

११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल यांचा विवाह झाला. लग्नाची भेट म्हणून बेल यांनी नव्या टेलिफोन कंपनीतले आपले दहा सोडून सगळे भाग पत्नीच्या नावे केले. पैशाच्या व्यवहारात त्यांचे मन कधीच रमले नाही.

त्या सुरुवातीच्या टेलिफोनमध्ये एक मोठे वैगुण्य होते. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावरच वीज निर्माण होई, त्यामुळे ती फारच क्षीण असे. तोंड अगदी जवळ नेऊन, छाती फुगवून ओरडावे तेव्हा पलीकडे काहीतरी पोहोचे. टॉमस एडिसन यांनी कार्बनचा उपयोग करून यावर तोड काढली. त्यांच्या यंत्रात बॅटरीची वीज आधीच वाहत असे आणि आवाज तिला केवळ कमीजास्त करी. आवाज दणदणीत झाला, मात्र कार्बनची स्वतःची खरखरही सोबत आली. आवाज फार कमी असला तर तो खरखरीत बुडतो आणि वाढवावा तर खरखरही वाढते, हा पेच टेलिफोनच्या बालपणीच जन्मला. ध्वनिमुद्रण करणारा माणूस आजही याच पेचाशी झुंजत असतो.

टेलिफोन मात्र थांबला नाही. जानेवारी १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे उघडली. वॉटसनला मारलेल्या त्या हाकेला तेव्हा पुरती सहा वर्षेही झाली नव्हती.

मेणावर कोरलेला आवाज

१८८० मध्ये फ्रान्सने बेल यांना ५० हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. त्या पैशातून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा काढली. सम्नर टेंटर आणि चुलतभाऊ चिचेस्टर बेल हे त्यांचे सहकारी. टेंटर यांच्यासह त्यांनी प्रकाशाच्या किरणावरून बोलणे पाठवून दाखवले आणि टेलिफोनपेक्षाही या शोधाचा त्यांना अधिक अभिमान वाटे.

१८८१ चे वर्ष मात्र कठीण गेले. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी बेल यांनी रात्रंदिवस खपून धातूशोधक यंत्र बनवले. पण डॉक्टरांनी केवळ उजव्या बाजूला शोध घेऊ दिला, गोळी होती डाव्या बाजूला. गारफिल्ड वाचले नाहीत. त्याच उन्हाळ्यात बेल दांपत्याचा नवजात मुलगा श्वास घेता न आल्याने दगावला. त्या दुःखातून बेल यांनी बाहेरून हवेचा दाब बदलून श्वास चालू ठेवणारा एक डगला तयार केला. त्यांची दुःखे अशी हातांतून वाट काढत.

याच प्रयोगशाळेत आवाज कायमचा साठवण्याचे काम सुरू झाले. एडिसन यांनी १८७७ मध्ये कथिलाच्या पत्र्यावर आवाज उमटवला होता, पण तो चारदोनदा वाजवला की पुसट होई. व्होल्टा प्रयोगशाळेने पत्रा सोडला आणि मेण घेतले. सुईने मेणावर आवाज कोरायचा. हळू बोलावे तर रेघ इतकी उथळ की मेणाच्या खरखरीतून ती वेगळी निघू नये. फार जोराने बोलावे तर सुई भरकटून शब्दच फाटावेत. या दोहोंच्या मधली जागा शोधण्यासाठी तबकड्यांमागून तबकड्या खर्ची पडल्या. मेण, काच, पुठ्ठा, धातू, काहीही त्यांनी वर्ज्य मानले नाही. १५ एप्रिल १८८५ रोजी पुठ्ठ्यावर मेण दिलेल्या एका तबकडीवर बेल यांनी स्वतःचा आवाज कोरला. अशा कित्येक तबकड्या त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या स्वाधीन केल्या. त्या तबकडीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

एक दुखरी बाजू

बेल यांनी आयुष्यभर स्वतःला कर्णबधिरांचा शिक्षक म्हणवून घेतले. डोळे आणि कान दोन्ही गमावलेल्या लहानग्या हेलन केलरला घेऊन तिचे वडील १८८६ मध्ये त्यांच्याकडेच आले होते. बेल यांनी दाखवलेल्या वाटेवरूनच १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हन ही शिक्षिका हेलनच्या घरी पोहोचली. हेलन केलर यांनी आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले आहे.

पण याच क्षेत्रात त्यांच्या हातून असे काही घडले की कर्णबधिर समाजाने ते अजून विसरलेले नाही. कर्णबधिर मुलांनी बोलायलाच शिकले पाहिजे, ओठ वाचायलाच शिकले पाहिजे, खुणांच्या भाषेने ती समाजापासून तुटतात, असे त्यांचे ठाम मत होते. १८८३ मध्ये विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी कर्णबधिरांच्या आपापसातल्या विवाहांबद्दल चिंता व्यक्त केली. अशा विवाहांतून बहिऱ्या माणसांचा वेगळा वंश तयार होईल, अशी त्यांची भीती होती. ती पुढच्या काळात निराधार ठरली, पण तिने केलेले नुकसान मोठे होते. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव आधीच केला होता. बेल यांच्या नावाचे वजन त्याच पारड्यात पडले. कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि पिढ्यान् पिढ्या मुलांना वर्गात हात बांधल्यासारखे बसावे लागले.

त्यांच्या मुख्य विरोधकाचे नाव एडवर्ड गॅलोडेट. योगायोग असा की गॅलोडेट यांची आईही कर्णबधिर होती. फरक एवढाच, की त्या माऊलीने मुलाशी खुणांच्या भाषेत बोलत त्याला वाढवले होते. दोघेही आपापल्या आईच्या अनुभवातून बोलत होते आणि दोघांचेही प्रेम खरे होते. परंतु एलायझा आणि मेबल दोघीही आधी ऐकत होत्या, बोलत होत्या. जन्मापासून काहीच न ऐकलेल्या मुलाची वाट निराळी असते, हे बेल यांच्यासारख्या माणसाला कळले नाही. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या जागतिक परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेला स्थान मिळाले. न्याय झाला, पण १३० वर्षे उशिरा.

निरोप

उत्तरायुष्यात बेल कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या बॅडेक गावी रमले. तिथल्या टेकडीवरच्या घराभोवती त्यांनी प्रचंड पतंग उडवले. त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले विमान १९०९ मध्ये त्या गावाच्या गोठलेल्या सरोवरावरून उडाले. पाण्यावर उचलून धावणारी त्यांची नौका १९१९ मध्ये ताशी ११४ किलोमीटर वेगाने धावली. स्वतःच्या अभ्यासिकेत मात्र त्यांनी टेलिफोन ठेवला नव्हता. विचारात व्यत्यय नको, एवढेच कारण.

२ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन एक मिनिट मुके ठेवण्यात आले. मेबल त्यांच्यामागे पाच महिनेच जगल्या.

शून्याखालचा हिशेब

मग हा डेसिबल आला कुठून? टेलिफोनच्या लांबलचक तारांतून जाताना आवाज क्षीण होत जाई. तो किती क्षीण झाला हे सांगण्यासाठी अभियंते मैलांची भाषा वापरत, म्हणजे अमुक मैल तारेतून गेल्यावर जेवढा होईल तेवढा. ही भाषा अपुरी पडू लागली तेव्हा बेल यांच्या नावाच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी १९२० च्या दशकात नवे एकक ठरवले आणि त्याला त्यांच्या आडनावावरून बेल हे नाव दिले. इंग्रजी लिहिताना आडनावातले शेवटचे एक अक्षर तेवढे गळाले. रोजच्या वापराला ते फार मोठे वाटले म्हणून त्याचा दहावा भाग घेतला. तोच डेसिबल.

हे एकक मीटर किंवा किलोसारखे नाही. ते पटीत मोजते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. ५५ च्या जागी ७५ डेसिबल म्हणजे थोडासा जास्त आवाज नव्हे, तर शंभरपट शक्ती. आपला कानही आवाजातला फरक पटीतच जोखतो, म्हणून हे माप त्याला मानवते.

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर मात्र हे आकडे उलटे चालतात. बेल यांनी चालू-बंदचे ठोके सोडून नागमोडी वीज आणली होती. डिजिटल यंत्र त्या नागमोडी विजेचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेते आणि पुन्हा चालू-बंदच्या खुणांत, म्हणजे आकड्यांत लिहून ठेवते. १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये सेकंदाला ४४,१०० मापे घेतली जातात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. सगळ्यात वरची पायरी म्हणजे शून्य डेसिबल. म्हणून त्याखालचे सगळे आकडे उणे असतात. शून्य हे इथे छत आहे. आवाज छताला धडकला की वरची पायरीच उरलेली नसते. नागमोडी रेघेचे शेंडे करवतीने कापल्यासारखे सपाट होतात आणि ऐकताना आवाज फाटतो. एकदा कापलेले शेंडे पुन्हा हुबेहूब जोडता येत नाहीत.

कॅसेटच्या काळात वाढलेल्यांची इथे फसगत होते. कॅसेटच्या फितीला स्वतःची सूं सूं असे, म्हणून सुई शून्याजवळ, प्रसंगी थोडी तांबड्यातही नेण्याची सवय लागलेली असते. फीत थोडा जास्त आवाज पोटात घालून घेई. डिजिटलमध्ये ती मुरवत नाही. दुसऱ्या टोकाला, भीतीपोटी आवाज फारच खाली ठेवला तरी नुकसान होते. दर सहा डेसिबल खाली गेले की वापरात येणाऱ्या पायऱ्या निम्म्या होतात. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मोजणीत सर्वांत मोठा स्वरही उणे ४८ वर राहिला, तर ६५,५३६ ऐवजी जेमतेम २५६ पायऱ्यांवर भागवावे लागते. पुढे तो वाढवला की खरखरही वाढते.

मग सुई ठेवावी कुठे? साधा नियम असा. मुद्रणापूर्वी बोलणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या पट्टीत बोलायला सांगावे, गाणाऱ्याला तार सप्तकातली सर्वांत चढी जागा घेऊन दाखवायला सांगावे. त्या सर्वांत मोठ्या क्षणी पट्टा उणे १२ ते उणे १० च्या आसपास पोहोचेल अशी पातळी बांधावी. सर्वसाधारण बोलणे मग उणे २० च्या आगेमागे राहते. वर राहिलेली जागा वाया जात नाही. माणूस रंगात आला की परीक्षेच्या वेळेपेक्षा मोठ्याने बोलतो, हसतो, टाळी देतो. त्या क्षणासाठी ती जागा राखून ठेवलेली असते. आजच्या २४ बिटांच्या मुद्रणात पायऱ्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक असतात, त्यामुळे वरची थोडी जागा मोकळी सोडण्यात मुळीच तोटा नाही.

बाकीचे काम बटणाचे नसून अंतराचे आहे. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला असावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. पंखा बंद करावा, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्यावी. यंत्रात आपोआप पातळी बदलण्याची सोय असेल तर शक्यतो बंद ठेवावी, कारण आजी बोलता बोलता थांबली की ते यंत्र शांततेलाच वर खेचू लागते. आणि वृद्ध माणसाला मोठ्याने बोला म्हणून सांगण्याऐवजी आपणच जवळ जावे. बारा-तेरा वर्षांच्या अ‍ॅलेकने आईसाठी केले ते हेच.

तबकडी बोलली

१८८५ ची ती मेणाची तबकडी शंभराहून अधिक वर्षे पडून होती. सुई टेकवली तर मेण झिजून आवाज कायमचा जाईल, म्हणून ती वाजवण्याचे धाडस कोणी करीत नव्हते. अखेर कॅलिफोर्नियातल्या बर्कले येथील प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी स्पर्श न करता, केवळ प्रकाशाने तिच्यावरच्या रेघेची सूक्ष्म छायाचित्रे घेतली. संगणकाने त्या रेघेचे चढउतार आकड्यांत मोजले आणि आकड्यांतून आवाज उभा केला. २०१३ मध्ये जगाने बेल यांना प्रथमच ऐकले. खरखर फार आहे. ते आकडे म्हणत आहेत, पैशांच्या रकमा सांगत आहेत. मेणाने कोणता ध्वनी धरला आणि कोणता सोडला हे पाहण्यासाठी असा मजकूर सोयीचा. शेवटी मात्र ते ठिकाण आणि तारीख सांगतात आणि स्वतःचे पूर्ण नाव सावकाश, एकेक अक्षर सुटे करून उच्चारतात. उच्चार शिकवणाऱ्याच्या घरातला तो मुलगा त्या एका नावात ओळखू येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज टिपून ठेवताना ही शेवटची गोष्टही करावी. गोष्ट, ओवी किंवा आठवण सुरू होण्यापूर्वी त्यांच्याकडूनच त्यांचे नाव, गाव आणि त्या दिवसाची तारीख म्हणवून घ्यावी. पातळी तेवढ्यात पाहून होते. आणि पन्नास वर्षांनी हे मुद्रण ज्याच्या हाती पडेल, त्याला हा कोणाचा आवाज आहे हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.